चालेन का मी?

मी पडले नव्हते. हे आधीच सांगून टाकते, कारण आमच्या घरात कुठलीही गोष्ट "आई पडली ना, तेव्हा" अशीच सुरू होते. मी बाथरूममध्ये उभी होते, फरशीवर पाणी होतं, पाय पुढे गेला आणि मी मागे राहिले. मग खाली बसले. जरा जोरात बसले, एवढंच. त्या बसण्यात खुब्याचं हाड मोडलं आणि तीन आठवडे मला दवाखान्याच्या छताकडे बघत काढावे लागले. छत पांढरं होतं आणि रंगवणाऱ्याने एका कोपऱ्यात चक्क दुसरा पांढरा फासला होता, पण ते जाऊ दे.

घरी आले तेव्हापासून सूनबाई मला आंघोळ घालते. रोज सकाळी सात वाजता. प्लॅस्टिकच्या खुर्चीवर बसवायचं, पाणी कोपराने तपासायचं, पाठ चोळायची, पायांच्या बोटांमधलं पाणीसुद्धा टिपून घ्यायचं. आणि नऊला तिला कामावर पोचायचं असतं. आठ महिन्यांत एकदासुद्धा तिने तोंड वाकडं केलं नाही. तिथेच तर माझी पंचाईत झाली. जरा धुसफुसली असती, आदळआपट केली असती, तर मला भांडता तरी आलं असतं. चांगल्या माणसाशी भांडायचं कसं, सांगा बरं?

पण मला लाज वाटायची. शहात्तर वर्षांची झाले म्हणून लाज काही गळून पडत नाही. ती पाणी ओतायची तेव्हा मी समोरच्या नळाकडे बघत बसायचे आणि मनात रोज एकच इच्छा असायची, की दार आतून लावावं आणि आपली आंघोळ आपण करावी. बस. मला काही जगप्रवासाला जायचं नव्हतं.

डॉक्टरांना एकदा गुपचूप विचारलं. ते म्हणाले, "खुशाल करा. फरशी न घसरणारी हवी आणि धरायला भिंतीत दांडी हवी. आहे ती फरशी असेल तर मात्र अजिबात नाही." हे मी घरी कुणाला बोलले नाही. काय बोलणार? "तू घातलेली आंघोळ मला नको," असं सूनबाईच्या तोंडावर सांगायचं? माझी जीभ तिखट आहे, पण इतकी नाही.

आणि बघा, देव देतो तेव्हा छप्पर फाडून देतो म्हणतात, मला त्याने जमीन फाडून दिलं. आमच्या बाथरूममधून खालच्या मजल्यावर गळती सुरू झाली. खालचे गृहस्थ वर आले, चिरंजीव खाली गेले, दोघांनी माना वर करकरून डाग बघितला आणि ठरलं, की बाथरूम पार उखडून नव्याने करायचं. भिंती, फरशी, सगळं. मी चेहरा गंभीर ठेवला, पण आतून मला आनंदाच्या उकळ्या फुटत होत्या. मनात म्हटलं, आता फरशी आपणच पसंत करायची, खरखरीत, आणि एक दिवस कुणाला न सांगता आत शिरून दार लावून घ्यायचं.

टाइल्सच्या दुकानात आम्ही तिघं गेलो. दुकान कसलं, तीन मजली बाजारच. तिथे एक टाय लावलेला विक्रेता आमच्या मागे लागला. "मॅडम, हा आयव्हरी, हा पर्ल, हा स्नो, हा ऑफ व्हाइट." मी एकतीस वर्षं दोऱ्या-बटणांच्या दुकानात काढली आहेत. बायका कापडाचा नखाएवढा तुकडा आणायच्या आणि मी रिळांच्या भिंतीसमोर उभी राहून न चुकता त्याच रंगाचा दोरा काढून द्यायचे. मला पांढरा शिकवतोय!

"अहो टायवाले," मी म्हटलं, "तुमचा हा पर्ल आणि हा स्नो एकच आहे. नुसतं लेबल बदललंय. हा मोतिया आहे. हा दुधी. आणि हा जो तुम्ही आयव्हरी म्हणताय, तो जुन्या दाताचा रंग आहे. उजेडात आणा."

त्याने उजेडात आणल्या. दोन्ही टाइल्स एकच निघाल्या. चिरंजीव खोकला आल्यासारखं करून दुसरीकडे बघायला लागला आणि सूनबाई ओठ दाबून हसली. भिंतीसाठी मी दुधी काढला, अर्ध्या तासात विषय संपवला. माझी कॉलर अशी ताठ झाली होती म्हणून सांगू! गर्वाचं घर खाली म्हणतात ते उगीच नाही.

कारण त्यानंतर सूनबाईला ती फरशी दिसली.

दुकानाच्या मधोमध जमिनीवर तिचे चार तुकडे मांडले होते. पांढरीशुभ्र, चकचकीत, आतून राखाडी रेषा गेलेल्या, आकाशात पुसट ढग असावेत तशा. सूनबाई तिथे उकिडवी बसली आणि तिच्यावरून हात फिरवायला लागली. "आई, हिच्यात तोंड दिसतं," ती म्हणाली. तिच्या माहेरी सात माणसांत एक मोरी होती, सिमेंटची, कोपरा कायम काळा. ती मोरी घासायचं काम हिच्याकडे. हे मला ठाऊक होतं, कारण माझी पाठ चोळताना ती असलं काहीबाही सांगत असते. "लहानपणी मी ठरवलं होतं," ती म्हणाली, "मोठी झाल्यावर असली फरशी घेईन."

मी काठी पुढे टेकवली. काठीच्या टोकाला रबर आहे, तरी ती त्या फरशीवरून बोटभर सरकली.

"आई, चालेल?" चिरंजीवाने विचारलं.

आता इथे एक सांगायला हवं. माझी नवी कवळी टोचत होती, म्हणून मी ती काढून पर्समध्ये ठेवली होती. आणि दात नसले की माझा 'न' कुठे जातो आणि 'ल' कुठून येतो, ते माझं मलाच कळत नाही. मी त्या फरशीकडे बघत, अगदी घाबरून विचारलं, "चालेन का मी?"

"ऐकलंस?" चिरंजीव ओरडलाच. "चालेल की! म्हणते. आई पहिल्या फटक्यात चालेल म्हणाली! लिहून ठेवा तारीख!"

मी तोंड उघडणार तेवढ्यात सूनबाई उठली आणि तिने भर दुकानात मला मिठी मारली. आठ महिने ती माझं अंग चोळत होती, पण मिठी ही पहिलीच. "मला वाटलं तुम्ही नकोच म्हणाल," ती माझ्या खांद्यात बोलली. माझा खांदा ओला झाला. आता तुम्हीच सांगा, अशा वेळी माणसाने पर्समधून दात काढून लावायचे आणि "नाही गं बाई, ऐकण्यात चूक झाली" म्हणायचं? मला नाही जमलं. मी तिच्या पाठीवर थोपटलं.

"एकदाचं घोडं गंगेत न्हालं," चिरंजीव म्हणाला. घोडं न्हालं, पण माझं न्हाणं राहिलं ते राहिलंच.

पुढचे दहा दिवस मी तोंड दाबून बुक्क्यांचा मार खाल्ला. खोकी आली, बाहेरच्या खोलीत भिंतीला लागून रचली गेली. जाता-येता सूनबाई एका खोक्याच्या फटीतून आत डोकावायची. मी रात्री बोलायचं ठरवायचे आणि सकाळी ती दुसऱ्या बाथरूममध्ये पाणी कोपराने तपासत असायची, की माझं ठरलेलं सगळं त्या पाण्यात वाहून जायचं. स्वतःवर इतकी चिडले, की दोनदा विनाकारण चिरंजीवावर ओरडले. तो बिचारा "बीपी बघूया का?" म्हणून यंत्र घेऊन आला.

मिस्त्री मात्र माझ्या जातकुळीचा निघाला. पन्नाशीचा, गुडघ्यांना जाड पट्टे बांधलेला, कमी बोलणारा आणि जे बोलेल ते खेकसून. तो बाथरूममध्ये काम करायचा, मी दारासमोर खुर्ची टाकून बसायचे. भिंतीवर टाइल बसवली की हातोडीच्या दांड्याने टक टक वाजवायचा. आवाज भरीव आला तर पुढे, पोकळ आला तर लगेच काढून पुन्हा. तिसऱ्या दिवशी मीच म्हटलं, "ती वरून दुसरी, पोकळ वाजतेय." त्याने वाजवली. काढली. माझ्याकडे बघून नुसती मान हलवली. तेवढ्यावर आमची मैत्री झाली.

भिंती झाल्या. दुधी रंग असा खुलला, की मी स्वतःचंच कौतुक करून घेतलं. मग शनिवार आला, फरशीचा दिवस. चिरंजीव आणि सूनबाई दोघंही घरी होते. मिस्त्रीने दोन फरशा खोक्यातून काढल्या, सिमेंट न लावता नुसत्याच ठेवल्या, आणि त्यांच्यावर मगभर पाणी ओतलं.

"इथे आंघोळ कोण करणार?" त्याने विचारलं. "त्याने चप्पल काढून यावं."

"हे कशाला?" चिरंजीव म्हणाला.

"माझी पद्धत आहे. फरशी लोक डोळ्यांनी घेतात, आणि वापरायची असते पायांनी. ओल्यावर उभं राहिल्याशिवाय मी बसवत नाही. नंतर मला शिव्या नकोत."

"मी येते," म्हणून सूनबाई पुढे झाली.

"तुम्ही करता इथे आंघोळ?"

"नाही, आमची सकाळची घाई, आम्ही आतलं वापरतो. हे आईंचं. म्हणजे मी त्यांना घालते."

"मग पाय आजींचे पाहिजेत."

मी चप्पल काढली. मिस्त्रीने एक हात दिला, दुसऱ्या बाजूला चिरंजीव. उजवा पाय टेकवला, वजन टाकलं, आणि तो पाय लोण्यावर ठेवल्यासारखा निघाला पुढे. मिस्त्रीची पकड पक्की होती म्हणून वाचले. मी एवढी जोरात किंचाळले, की खालचे गृहस्थ वर आले असते तर नवल नव्हतं.

"ही फरशी पसंत कुणी केली?" मिस्त्री खेकसला.

"आईनेच!" चिरंजीव म्हणाला. "चालेल की म्हणाली!"

"मी चालेल म्हटलंच नव्हतं!" मी ओरडले. आता कवळी तोंडात होती, एक-एक अक्षर सुटं निघालं. "चालेन का मी, असं विचारलं होतं! चालेन! न नळाचा!"

चिरंजीवाचं तोंड उघडं. मिस्त्री आधी हसला. इतक्या दिवसांत तो हसलेला मी प्रथमच पाहिला, हसताना बरा दिसत होता. मग चिरंजीव हसायला लागला, भिंतीला टेकून, डोळ्यांत पाणी येईपर्यंत. "न नळाचा" म्हणायचा आणि पुन्हा हसायचा. सूनबाई हसली नाही. ती वळली आणि स्वयंपाकघरात गेली.

मी काठी घेतली आणि तिच्या मागे गेले. ती ओट्यापाशी पाठ करून उभी होती. पुसलेला ओटा पुन्हा पुसत होती.

"तेव्हाच का नाही बोललात?" तिने न वळता विचारलं.

"दात पर्समध्ये होते."

"आई."

"बरं. तू मिठी मारलीस, मग बोलवेना."

"आणि हे दहा दिवस?" ती वळली. "तुम्ही पुन्हा पडला असतात म्हणजे? माझ्या हातून? माझ्या हौसेच्या फरशीवर? काय तोंड दाखवलं असतं मी?"

मला असं कुणी पेचात पकडलं की मी सहसा आवाज चढवते, पण त्या दिवशी चढला नाही. मी खुर्चीत बसले आणि सगळं सांगून टाकलं. डॉक्टरांचं, दांडीचं, माझ्या गुपचूप बेताचं. "मला माझी आंघोळ एकटीने करायची आहे गं," मी म्हटलं. "दार लावून."

तिचा चेहरा उतरला. "माझं काही चुकतं का? पाणी गरम होतं? मी घाई करते का?"

"काही चुकत नाही. माझ्या आईनेही इतक्या मायेने घातली नसेल मला. तिला आम्ही पाच जण होतो, ती रांगेने उरकायची. पण तू समोर असलीस की मी नळाकडे बघत बसते. आठ महिने मी नळ बघतेय. मला लाज वाटते, त्याला तू काय करणार? आणि मीही काय करणार?"

तिने फडका घडी करून ठेवला. मग म्हणाली, "मला वाटायचं, तुम्हाला बरं वाटतं. तुम्ही कधीच काही बोलला नाहीत. मला वाटलं, बाकी सगळ्यावर तोंड सोडतात, इथे गप्प असतात, म्हणजे आवडत असणार."

आता यावर रडावं की हसावं? आमचं आयुष्य असं एकमेकींना वाईट वाटू नये म्हणून एकमेकींना छळण्यात चाललं होतं. "बाई गं," मी म्हटलं, "मी गप्प बसले की काळजी करत जा." तेव्हा कुठे ती हसली.

त्याच दुपारी आम्ही पुन्हा दुकानात गेलो. टायवाल्याने मला बघितलं आणि तो जरा मागेच सरकला. मी खुर्ची मागितली, मोजे काढले आणि म्हटलं, "एक मग पाणी आणा."

"प्यायला, मॅडम?"

"पायावर ओतायला."

त्याने वरिष्ठांना बोलावलं. वरिष्ठांनी आणखी वरिष्ठांना बोलावलं. शेवटी सूनबाईच कुठूनशी बाटली घेऊन आली आणि एकेक टाइल ओली करत गेली. तिचा हात धरून मी एकेकीवर उभी राहिले. सात टाइल्स झाल्या. काही घसरत होत्या, काही इतक्या टोचत होत्या, की त्यांवर आंघोळीऐवजी खोबरं किसावं. आठवीवर पाय ठेवला आणि पाय तिथेच राहिला. मी वजन टाकलं. पाय तिथेच. मी सूनबाईचा हात सोडला. नुसती उभी राहिले, माझी मी, ओल्या टाइलवर, भर दुकानात अनवाणी. मला इतका आनंद झाला, की टायवाल्याकडे बघूनसुद्धा हसले.

"ही," मी म्हटलं.

"रंग कोणता म्हणायचा हा?" चिरंजीवाने विचारलं.

मी वाकून बघितलं. त्यात तपकिरी नव्हता, निळा नव्हता, काळपट हिरवा आणि त्यात पिवळ्याची किंचित झाक. रिळांच्या भिंतीत खालून तिसरी ओळ. "शेवाळी," मी सांगितलं.

"म्हणजे जगात ज्याच्यावर माणूस घसरतो ते शेवाळ, आणि आमची आई नेमकी त्याच्यावर घसरत नाही!" चिरंजीव म्हणाला. या वेळी सूनबाई सगळ्यात आधी हसली.

तिच्या त्या चकचकीत फरशा परत द्यायच्या नाहीत, हे मी तिथेच जाहीर केलं. त्या स्वयंपाकघरात गेल्या, ओट्यामागच्या भिंतीवर. मिस्त्री आधी कुरकुरला, "फरशी भिंतीला कोण लावतं?" मग त्याने त्या अशा काही कापून बसवल्या, की ढगांच्या रेषा एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत सलग गेल्या. आता सूनबाई भाजी ढवळताना त्या भिंतीत स्वतःकडे बघते आणि केस सारखे करते. आम्ही बघितलं नाही असं दाखवतो.

बाथरूमचे सांधे वाळायला दोन दिवस ठेवले, मग दांडी बसली. त्यानंतरच्या रविवारी सकाळी मी आत गेले. सूनबाईने पाणी काढून ठेवलं होतं, स्टूल ठेवलं होतं. तिने कोपर पाण्यात बुडवला, माझ्याकडे बघितलं आणि बाहेर गेली. मी दार ओढलं आणि कडी लावली.

चार पावलं होती. एक हात दांडीवर, पाय शेवाळी फरशीवर. मोजून चार टाकली आणि स्टुलावर बसले. कपडे काढायला वेळ लागला, पण बघणारं कुणी नव्हतं, मग घाई कसली? पहिला मग डोक्यावर ओतला. दुसरा ओतला. आणि मला रडू फुटलं. चांगलं मोठ्याने, हुंदके देऊन. दुःखाचं नव्हतं, छे, मी इतकी खूश होते. पण आठ महिन्यांत हाड मोडल्याचं, छताकडे बघत पडून राहिल्याचं, म्हातारी झाल्याचं मला रडताच आलं नव्हतं. रडायला जागाच नव्हती हो. चोवीस तास कुणीतरी मायेने जवळ असायचं. त्या दिवशी मिळाली जागा. मी मगावर मग ओतत गेले, बाहेर आवाज जायला नको म्हणून.

"आई?" दाराबाहेरून सूनबाई. "सगळं ठीक आहे ना?"

"आंघोळ करतेय!" मी ओरडले. "परीक्षा नाही देत!"

बादली संपली तेव्हा उठले, अंग पुसलं, गाऊन घातला, चार पावलं परत आले आणि कडी काढली. सूनबाई समोरच्या माझ्या खुर्चीत बसली होती, हातात टॉवेल घेऊन. ताडकन उठली. माझ्या तोंडाकडे बघत राहिली.

"डोळे लाल झालेत तुमचे."

"साबण गेला डोळ्यात," मी म्हटलं.

तिने माझ्या खांद्यावरून आत बघितलं. मीही वळून बघितलं. भिंतीतल्या कोनाड्यात साबणाची नवी वडी होती, वेष्टनसुद्धा न काढलेली.

तिने टॉवेल माझ्या डोक्यावर टाकला आणि माझे केस पुसायला लागली. मी मान खाली घातली आणि पुसू दिले.